वखारीतल्या शाळेची तपासणी

आमची शाळा भरायची जुन्या गवताच्या वखारीत. नातवंडांना हे सांगितलं की त्यांना वाटतं आजी थापा मारतेय. त्यांच्या शाळेला लिफ्ट आहे हो! आमच्या शाळेला आतून धड भिंतीसुद्धा नव्हत्या. पाचवी, सहावी, सातवी असे तीन वर्ग आणि मध्ये तरटाचे पडदे. त्यामुळे पाचवीतल्या पोरांना सातवीची भूमिती फुकटात ऐकायला मिळायची आणि सातवीतली पोरं पाचवीच्या कवितेला पलीकडून वाट्टेल त्या चाली लावायची. अंधेरी स्टेशनाकडून वेसाव्याला जाणाऱ्या रस्त्यावर, माडांच्या वाड्या संपून खाऱ्या दलदलीचं खाजण सुरू व्हायचं तिथे ती वखार होती. गवत जाऊन कित्येक वर्षं झाली असतील, पण उकाड्याच्या दिवसांत भिंतींना सुक्या गवताचा वास सुटायचा आणि आम्ही शिंकून शिंकून बेजार व्हायचो. कौलं फुटकी, बाकं अशी की मधलं पोर उठलं की टोकाची पोरं घसरलीच म्हणून समजा. घंटा म्हणजे लोखंडी रुळाचा टांगलेला तुकडा. तो वाजला की समोरच्या वाडीतला कुत्रा न चुकता गळा काढायचा. या सगळ्या थाटाचे हेडमास्तर माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. बाकी सगळं जग, टांगेवाल्यापासून दळणवाल्यापर्यंत, गुरुजी म्हणायचं.

आमचं घर वखारीच्या मागच्या अंगाला, दोन खोल्या आणि एक पडवी. सकाळी आधी विहिरीच्या रहाटाची करकर, मग आईच्या स्टोव्हचा पंप, मग अण्णांचं खाकरणं. मधूनच जुहूकडून एखादं विमान घरघरत डोक्यावरून जायचं आणि आई दरवेळी वर बघून म्हणायची, "मेल्याला दुसरी वाट नाही." आई फटकळ, पण हाताला चव अशी की बोलणी खाल्लेला माणूससुद्धा जेवून जायचा. वालाचं बिरडं करावं तर तिनंच. आदल्या दिवशी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आमच्यापुढे परात सरकवायची, आणि आम्ही दोघी पडवीत बसून ते सोलायचो. दोघी म्हणजे मी आणि चांगू. चांगू वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, माझ्याच वर्गात. शाळा सुटली की ती घरी जायच्या आधी आमच्याकडे टेकायचीच. वाल सोलता सोलता ती इतिहासाचा धडा मोठ्यानं म्हणायची, आणि मी डाळिंब्या तोंडात टाकायची. "कुशे, खातंस काय गो सगलं? काकी ओरडल," असं ती म्हणायची, तोवर आतून आईची हाक आलेली असायची.

चांगू माझ्यापेक्षा हुशार. हे मी तेव्हाही मान्य करत होते आणि आज तर करतेच. गणित तिच्या बोटांवर, अक्षर छापल्यासारखं. कोळीवाड्यातल्या मुली चौथी झाली की टोपली उचलायच्या, कारण गावातली शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर एक तर आमची वखार, नाही तर थेट अंधेरीचं मोठं हायस्कूल. चांगूच्या आईनं, हिराबायनं, तिला आमच्याकडे धाडलं ते केवळ अण्णांकडे बघून. त्या काळी सातवीची फायनल पास झालं की प्राथमिक शाळेत मास्तरीण होता यायचं. चांगूनं ते डोक्यात घेतलं होतं. गावातल्याच शाळेत, पोरींच्या समोर, हातात खडू घेऊन उभं राहायचं. हिराबाय आमच्या पडवीत टोपली उतरवून आईला पापलेट दाखवायची आणि सांगायची, "काकी, माजी पोर मास्तरीन होनार. मंग मी शिकनार तिच्याकडशी." तिला तेवढं सांगायला फार आवडायचं. पापलेटाचा भाव राहायचा बाजूला.

पण शाळेची तब्येत काही बरी नव्हती. मास्तर टिकत नव्हते, कौलं टिकत नव्हती. अण्णा स्वतः दोन-दोन वर्ग एकदम घ्यायचे, मधला तरटाचा पडदा वर करून. अशात एकदा सरकारचा खलिता आला. अण्णांनी तो जेवताना वाचून दाखवला. डबघाईला आलेल्या मिडल शाळा सुधारण्यासाठी सरकार मदत देणार होतं. नवं छप्पर, बाकं, शास्त्राचं सामान आणि एक ट्रेन्ड, म्हणजे प्रशिक्षण घेतलेला, शिक्षक. फक्त शिक्षणखात्याचा साहेब येऊन शाळा बघून जाणार, आणि तो म्हणेल त्या शाळांना मिळणार. आईचा हात आमटीच्या पळीवर थांबला. "डबघाईला? कुणाची शाळा डबघाईला? तुम्ही इतकी हाडं झिजवलीत आणि हे मेले डबघाई म्हणतात?" अण्णा कसंनुसं हसले. म्हणाले, "अगं, सरकारी भाषा असते ती." पण तो शब्द त्यांनाही लागला होता. खलिता घडी करताना त्यांनी तो उगीचच दोन-तीनदा उलगडला आणि परत मिटला. अर्ज मात्र केला.

आता तपासणी म्हणजे काय हे ज्यांनी तेव्हाच्या शाळा पाहिल्यात त्यांनाच कळेल. मुलगी बघायला पाहुणे यायचे असले की घरात काय होतं? शेजारणीच्या पाटल्या येतात, समोरच्यांच्या खुर्च्या येतात, फुटका कप माळ्यावर जातो. शाळेचंही अगदी तसंच. साहेब येणार म्हटलं की जे नाही ते आणायचं आणि जे फाटकं ते लपवायचं. कुणाला हे शिकवावं लागत नव्हतं, ती रीतच होती, आणि अण्णांची आजवरची प्रत्येक तपासणी या रीतीनं झकास पार पडली होती. या वेळचा पाहुणा फाटकंच बघायला येतोय, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. शिरलं असतं तरी पटलं नसतं. दारी आलेल्या माणसाला आपलं ठिगळ दाखवायचं? आमच्या घरात? छे!

मग काय विचारता! अंधेरीच्या हायस्कुलातले एक मास्तर अण्णांचे स्नेही होते. त्यांच्या ओळखीनं पृथ्वीचा गोल, नकाशे आणि काचेच्या नळ्यांचं कपाट हातगाडीवरून, वर चादर टाकून आलं. ओळखीच्या डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. मांडववाल्यानं खुर्च्या दिल्या. चुन्याचा हात मारताना अण्णा स्वतः शिडीवर. राहता राहिलं फुटक्या कौलांचं. ते काम कोळीवाड्यानं उचललं. चांगूचे बाबा आणि त्यांचे भाऊ होडीचं नवं कोरं शीड घेऊन आले आणि त्यांनी ते वखारीच्या वरच्या अंगाला असं ताणून बांधलं की खालून बघणाऱ्याला वाटावं मोठ्या घरचं कापडी छतच आहे. हिराबाय कमरेवर हात ठेवून खालून शीड ओढायचे हुकूम सोडत होती. "वल, वल तिकरं! भोक दिसतंय अजून!" आम्ही पोरं टाळ्या वाजवत होतो. शाळेत इतकी मजा त्याआधी कधी आली नव्हती.

साहेब आले त्या सकाळी शाळेला बघून मलाच ओळख पटेना. आणि मुली! कोळीवाड्यातल्या आयांनी घराघरातलं सोनं बाहेर काढलं होतं. सरकारचा माणूस येतोय, आपल्या पोरींना भिकारी समजेल की काय, म्हणून आजीचं, काकीचं, नव्या सुनेचं, जे असेल ते पोरींच्या अंगावर. चांगूच्या गळ्यात तिच्या आजीची सोन्याची माळ, कानांत एवढाली कर्णफुलं, डोक्यात अबोलीची वेणी. हलली की तिचं तिलाच हसू येत होतं. साहेब पुण्याकडचे, उंच, डोक्याला टोपी, बोलायला फार सभ्य. वाईट माणूस नव्हता हो. आज इतक्या वर्षांनी मी त्यांना शिव्या द्यायला शब्द शोधते आणि सापडत नाहीत. त्यांनी गोल फिरवून पाहिला, कपाटापाशी थांबले, वर बघून म्हणाले, "वा, कापडी छत! उन्हाळ्यात गार राहत असेल." मग अण्णांना विचारलं, "गुरुजी, मोकळेपणानं सांगा. शाळेला काही अडचण?"

आपल्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर असतं. स्मशानातून परतलेल्या माणसाला विचारा कसं चाललंय, तो म्हणेल ठीक आहे. अण्णांनी हात जोडले. "आपल्या कृपेनं सगळं ठीक चाललंय." साहेब क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. मग आमच्या वर्गात आले आणि नेमकं चांगूला उभं केलं. तिनं व्याजाचं गणित तोंडी सोडवलं, नकाशात गोदावरी दाखवली. साहेब खूश झाले. हळू आवाजात विचारलं, "बाळ, पावसाळ्यात शाळेत पाणी येतं का?" मी तिच्या शेजारीच बसले होते. आदल्या पावसात आम्ही दोघी एकाच पाटीखाली डोकी घालून बसलो होतो. चांगूनं आधी अण्णांकडे पाहिलं. अण्णा मान खाली घालून उभे होते. "नाय साहेब," ती ठसक्यात म्हणाली, "आमच्या गुरजींच्या शालेत काय कमी नाय." कुणी पढवलं नव्हतं तिला. तिचं गुरुजींवर प्रेम होतं, बस.

जेवायला साहेब आमच्याकडे होते. ते मासे खात नाहीत हे आधीच कळल्यामुळे आईनं दोन दिवस घरात मासळी येऊ दिली नव्हती आणि भांडी चिंच लावून घासली होती. बिरडं, अळूची वडी, नारळीभात. साहेबांनी बिरडं मागून घेतलं. जाताना म्हणाले, "गुरुजी, उपनगरात इतकी टापटीप शाळा पाहिली नाही. तसंच लिहिणार आहे मी." टांगा वळला तशी आईनं पडवीत बसकण मारली आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं. मिळणार." हिराबायनं शीड सोडायला माणसं आणली, ती पेढे घेऊनच आली. सगळे हसत होते.

पुढे बरेच दिवस काही कळेना, म्हणून अण्णा कोट चढवून स्वतःच साहेबांच्या ऑफिसात गेले. परत आले ते पायरीवरच बसले. आईनं पाणी दिलं, ते तसंच हातात. "मदत मिळाली नाही," म्हणाले. "साहेब म्हणाले, तुमची शाळा आदर्श आहे गुरुजी. ही मदत मोडकळीला आलेल्या शाळांची. दुसऱ्याच्या तोंडचा घास तुम्हाला कसा देऊ? माझं अभिनंदन केलं त्यांनी." आई एकदम कडाडली, "आणि तुम्ही? तुम्ही सांगितलं नाहीत, गोल उसना, घड्याळ उसनं, आढं कुजलंय म्हणून?" अण्णा म्हणाले, "कुठल्या तोंडानं सांगू? मी त्यांना फसवलं म्हणून सांगू?" माझ्या वडिलांना मी रडताना पाहिलं ते तेव्हा. आवाज नाही, काही नाही.

पण आई गप्प बसणारी नव्हती. दोन दिवसांनी ती आणि हिराबाय, दोघी मिळून साहेबांच्या ऑफिसात गेल्या. आम्हा दोघींना बरोबर घेतलं. अण्णा आले नाहीत, त्यांना ते जमलंच नसतं. टेबलापलीकडे साहेब, अलीकडे चार बायका, म्हणजे दोन बायका आणि दोन पोरी. चांगूच्या गळ्यात आज काळा दोरा होता. हिराबायनं तिला पुढे ढकललं. "साहेब, हिला बघा. आता बघा. ते सोनं माज्या सासूचं होतं, कानातलं जावेचं. वर बांधलेलं आमच्या होडीचं शीड. शाला गलते साहेब, लय गलते. पोरं डोक्यावर पाटी धरून बसतात." आईनं, जिनं आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नाही त्या माझ्या आईनं, हात जोडले. "चूक आमची. तुम्ही पाहुणे म्हणून आलात, आम्हाला दुसरं काही सुचलंच नाही. त्याची शिक्षा ह्यांच्या शाळेला करू नका."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, मी विचारलं होतं हो," ते म्हणाले. "गुरुजींना विचारलं, या मुलीलाही विचारलं. मी तर वाट बघत होतो कुणीतरी सांगेल म्हणून." मग म्हणाले, शाळांची नावं वर गेली, मंजूर झाली, आता त्यात बदल त्यांच्या हातात नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, ते जातीनं लक्ष घालतील. आणि उठता उठता जे बोलले ते बोलले नसते तर बरं झालं असतं. "तुमच्या घरी जेवलो मी. खरी शाळा दाखवली असतीत तर पहिलं नाव मी तुमचंच लिहिलं असतं." बाहेर आल्यावर चांगूनं आईचा पदर धरून विचारलं, "काकी, मी पानी येतं असं सांगलं असतं तर?" आईनं तिला पोटाशी धरलं, त्या ऑफिसच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्या कारकुनांच्या देखत. "नाही गं माझे बाय," ती म्हणत राहिली, "तुझं काही नाही चुकलं." हिराबाय भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पुढचं वर्ष आमच्या शाळेला दिसलंच नाही. उरलेला एक मास्तर दुसरीकडे लागला. पावसाळ्याच्या तोंडावर म्युनिसिपालटीचा माणूस आला. त्याच्यासाठी कुणी शीड बांधलं नव्हतं. त्यानं आढ्याला काठी लावून पाहिली आणि इथे मुलं बसवू नका म्हणून सांगून गेला. आमची सहावी झाली होती. आणखी एक वर्ष, फक्त एकच, तेवढं निभलं असतं तर! अण्णांनी रुळाचा तुकडा स्वतः उतरवला. पुढे ते एका कंपनीत कारकून झाले, तिथेच म्हातारे झाले. गुरुजी अशी हाक रस्त्यात कुणी मारली की ते वळायचे नाहीत, मुकाट पुढे जायचे. आता त्या जागेवर मोठा टॉवर आहे. मी रिक्षातून जाते तेव्हा त्या बाजूला बघत नाही, बापासारखीच.

सुट्टी संपायच्या आधी अण्णा मला घेऊन कोळीवाड्यात गेले, चांगूला अंधेरीच्या हायस्कुलात पाठवा म्हणून सांगायला. हिराबायचा हात जाळ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांवरून फिरत होता. तिनं ऐकून घेतलं. "गुरजी," ती म्हणाली, "तुमच्या शालेत ती तुमची पोर होती. तिकरं ती कोलीन. वास येतो म्हनून पोरी नाक धरतील, आनि माजी पोर कुनाला काय बोलनार नाय, गप ऱ्हाईल. मला ठाव हाय तिचा सभाव. कशाला तिला रडवू?" अण्णांनी खूप समजावलं, फीचं मी बघतो म्हणाले, रोज कुसुमबरोबर जाईल म्हणाले. हिराबाय मान हलवत राहिली. चांगू दारात उभी राहून ऐकत होती, पण पुढे आली नाही. हिराबायचं चुकलं असं मी तेव्हा म्हणत होते. हायस्कुलात माझ्या डब्यात बोंबलाचं भुजणं निघालं आणि शेजारची मुलगी बाक सोडून उठली, तेव्हापासून म्हणत नाही.

मी सातवीत जायला लागले. सकाळी त्याच रस्त्यानं हिराबाय आणि चांगू अंधेरीच्या बाजाराला निघायच्या, डोक्यावर टोपल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत आवळलेलं. मी पाटी-पुस्तकं घेऊन त्यांच्या पावलाला पाऊल मिळवायची. वखारीपुढून जाताना कुणी बोलत नसे. वखार मागे पडली की चांगू, मान न वळवता, कारण टोपली डोक्यावर, विचारायची, "काल काय शिकवलान गो?" मग मी सांगायची. पानिपत सांगितलं, चक्रवाढ व्याज सांगितलं, हाडांची नावं सांगितली. ती चालता चालता गणित सोडवायची आणि उत्तर माझ्याआधी काढायची. कधी म्हणायची, "परत सांग, नीट समजला नाय." हिराबाय तेव्हा मुद्दाम चार पावलं पुढे जायची. बाजाराचा कोपरा आला की चांगू म्हणायची, "जा, तुजी घंटा हुईल." वर्गात मास्तर शिकवायचे ते मी दुप्पट लक्ष देऊन ऐकायची, कारण मला ते उद्या सांगायचं असायचं.

असं पुष्कळ दिवस चाललं. चांगूचा आवाज बदलला, बाजारात हाका मारून मारून जाड झाला. तिला कुठे बसलं की गिऱ्हाईक येतं ते कळायला लागलं. दिवाळी झाली. एका सकाळी मी घाईघाईनं त्यांना गाठलं. आदल्या दिवशी आम्हाला ग्रहणं शिकवली होती, सूर्यग्रहण कसं, चंद्रग्रहण कसं, आणि चांगूला हे ऐकून काय वाटेल म्हणून मला रात्रभर धीर नव्हता. चांगू आईशी बोलत होती. बोंबील आज कमी आलेत, भाव चढा लावायचा, ती पलीकडची बाई आपल्या जागेवर बसते तिला आज उठवायचं. मी शेजारून चालत राहिले. वखार गेली, वाड्या गेल्या. आता विचारेल, आता विचारेल, असं म्हणत मी तिच्या तोंडाकडे बघत होते. बाजाराचा कोपरा आला. "येतंय गो कुशे," म्हणाली आणि ती वळली. तिनं विचारलंच नाही.